प्रतिकृतीचा खरेपणा : इंजिनाची केबिन आणि खडकवासल्याच्या नद्या

मराठीत ‘हुबेहूब’ हा शब्द दोन वेगळ्या सुरांत उच्चारला जातो. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावर एखाद्या मुलाने रायगडाचा नगारखाना नीट उतरवला की आपण ‘अगदी हुबेहूब!’ म्हणतो आणि त्यात निखळ कौतुक असते. साहित्याच्या वर्गात मात्र ‘हुबेहूब चित्रण’ हा शेरा बहुधा सावधपणे दिला जातो. लेखकाने जे दिसले ते उतरवले, त्यापलीकडे त्याला काही साधले नाही, असा त्याचा गर्भितार्थ असतो. या दोन सुरांच्या मधे एक जुना प्रश्न आहे. प्रतिकृती खरी केव्हा म्हणायची? मुळाशी ती जितकी जुळेल तितकी ती खरी, की खरेपणाची कसोटी आणखी काही आहे?

हा प्रश्न आपण सहसा चित्र, नाटक आणि कादंबरी यांच्या संदर्भात विचारतो. प्रस्तुत लेखात तो समीक्षकांचा फारसा संबंध न येणाऱ्या दोन कारागिरींच्या संदर्भात विचारायचा आहे. पहिली कारागिरी हौशी माणसाची : डिझेल इंजिनाची छोटी प्रतिकृती करताना तिच्या केबिनमधले तपशील स्वतःच्या हाताने घडवण्याची. दुसरी सरकारी संशोधन केंद्राची : खडकवासल्याच्या धरणाजवळ देशभरच्या नद्या, बंदरे आणि धरणे लहान आकारात उभारण्याची. एकीत सारे काम तळहातावर मावते, दुसरीला मोठमोठी छपरे लागतात. परंतु प्रमाण ठरवल्यावर काय सोडायचे आणि काय मुद्दाम बिघडवायचे हा पेच दोघींपुढे सारखाच उभा राहतो.

१.

आधी इंजिन. भारतीय रेल्वेच्या इतिहासात ‘डब्ल्यूडीएम-२’ या इंजिनाला जे स्थान आहे ते क्वचितच दुसऱ्या इंजिनाला असेल. नावातला पहिला अक्षरसंकेत ब्रॉडगेजचा, दुसरा डिझेलचा, तिसरा प्रवासी आणि मालगाडी अशा मिश्र कामाचा, आणि दोन हा त्या मालिकेतला क्रमांक. अमेरिकेतील ‘आल्को’ कंपनीच्या रचनेची ही इंजिने १९६२ पासून भारतात आली. पुढे वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये ती बनू लागली. तेथील पहिले इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. १९९० चे दशक संपत येईपर्यंत अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, सुमारे ११३ टन वजन आणि बफरपासून बफरपर्यंत १७.१२ मीटर लांबी. पुण्याला घोरपडीच्या शेडमुळे या इंजिनांचा चांगला परिचय होता. पुणे-मिरज मार्ग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी ‘गाडी आली’ हे बहुधा याच इंजिनाच्या खर्जातल्या धडधडीवरून ओळखले.

प्रतिकृतींच्या बाजारात युरोप-अमेरिकेतील इंजिने पुष्कळ मिळत. आपले हे इंजिन मात्र सहजी मिळत नसे. ज्याला ते हवे त्याने ते मुळापासून बांधावे, अशी स्थिती दीर्घकाळ होती. प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापायचे, पितळी तारा वाकवायच्या, बोहरी आळीत मिळेल ते बारीकसारीक सामान आणायचे. बाहेरचा सांगाडा धीराने जमतो. खरी कसोटी लागते ती केबिनमध्ये.

याचे कारण केबिन हा इंजिनाचा असा भाग आहे की तिथले काम कळल्याशिवाय तिथली रचना कळत नाही. या इंजिनात केबिन एका टोकाच्या जवळ असते. तिच्या एका बाजूला आखूड नाक, दुसऱ्या बाजूला यंत्रे झाकणारे लांबलचक नाक. इंजिन दोन्ही दिशांनी चालवता यावे म्हणून केबिनमध्ये चालवण्याची दोन ठाणी असतात, आणि ती समोरासमोर नसून तिरप्या कोपऱ्यांत असतात. आपल्याकडे सिग्नल साधारणतः रुळाच्या डाव्या बाजूला असल्याने ड्रायव्हरने कोणत्याही दिशेला तोंड केले तरी तो डावीकडेच बसावा, हा त्यामागचा हेतू. लांब नाक पुढे ठेवून इंजिन धावते तेव्हा त्या नाकाच्या कडेने जे काही दिसेल त्यावर ड्रायव्हरला भागवावे लागते. अशा वेळी पलीकडच्या बाजूला बसलेल्या सहायकाचे डोळे कामी येतात. दोघांनी सिग्नलचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगण्याचा जो नियम आहे, त्याचा अर्थ ही केबिन पाहिली की उमगतो. छायाचित्रावरून प्रतिकृती करणारा माणूस एकच ठाणे करून मोकळा होतो. छायाचित्राशी ती जुळते, पण त्या केबिनमधून गाडी उलट दिशेने नीट चालवता येणार नाही.

दुसरी अडचण काळाची. ही इंजिने आली तेव्हा गाड्यांना निर्वात ब्रेक असत. पुढे दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक आले. मधल्या काळात दोन्ही प्रकारच्या गाड्या ओढता याव्यात म्हणून अनेक इंजिनांत दुहेरी व्यवस्था झाली. त्यानुसार ड्रायव्हरपुढचे दांडे बदलले, दाबमापकांच्या तबकड्या बदलल्या. वेगमापकही बदलत गेले. म्हणजे ‘डब्ल्यूडीएम-२ ची केबिन’ अशी एकच वस्तू नाही. एका वर्षाची असते, एका शेडची असते, आणि फार खोलात गेले तर एका क्रमांकाच्या इंजिनाची असते. हाती असलेली छायाचित्रे मात्र निरनिराळ्या वर्षांची असतात. एकातून दांडा घ्यावा, दुसऱ्यातून तबकडी, तिसऱ्यातून आसन, तर प्रत्येक तपशील अस्सल असूनही तयार होणारी केबिन कोणत्याही रुळावर कधीच धावलेली नसते.

पाठचिकित्सेशी परिचय असलेल्या वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, तेव्हा तिच्याबद्दलही असाच आक्षेप घेता येत होता. संपादकांनी निश्चित केलेली संहिता जशीच्या तशी कोणत्याही एका हस्तलिखितात नाही. त्या आवृत्तीचा मोठेपणा असा की तिने ही गोष्ट दडवली नाही. प्रत्येक पानावर संहितेखाली पाठभेद दिले. आपण काय स्वीकारले, काय नाकारले, आणि ते कोणत्या पोथीत होते, हे वाचकाला तपासता येते. घडवलेली वस्तू घडवलेली आहे हे त्या तळटीपा सांगतात. या मुद्द्याकडे पुढे परत यावे लागेल.

तिसरी अडचण प्रमाणाची. जगात सर्वाधिक चालणारे लघुरेल्वेचे प्रमाण म्हणजे ‘एचओ’ : सत्त्याऐंशीस एक. या प्रमाणात आपले इंजिन सुमारे १९७ मिलिमीटर लांब होते. परंतु या प्रमाणासाठी मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुंद मार्गाचे लघुरूप आहे. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीने भागले तर ती १९.३ येते. म्हणजे तयार रुळांवर चालणारे प्रत्येक भारतीय ब्रॉडगेज इंजिन जवळपास तीन मिलिमीटरने अरुंद पायांवर उभे असते. रुळाशी प्रामाणिक राहायचे ठरवले तर प्रमाण सुमारे १०२ स एक धरावे लागते. मग इंजिन १६९ मिलिमीटरांवर येते आणि शेजारी उभ्या असलेल्या तयार डब्यांपुढे, घरांपुढे, माणसांपुढे खुजे दिसते. तिसरा मार्ग रूळसुद्धा स्वतः तयार करण्याचा. बहुतेक जण पहिला मार्ग पत्करतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त तो पत्करला आहे हे माहीत असावे.

केबिनच्या आत ही अडचण आणखी सूक्ष्म होते. तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा सत्त्याऐंशीपट लहान केला तर त्याची जाडी ०.०३ मिलिमीटर होते. वहीचा साधा कागदही याच्या तिप्पट जाड असतो. दहा सेंटिमीटरची तबकडी सव्वा मिलिमीटरहून लहान, आणि तिच्यावरचा काटा केसाहूनही बारीक. दोन सेंटिमीटर जाडीचा दांडा पाव मिलिमीटरचा होतो; त्यावर रंगाचा एक हात दिला की त्याची जाडी लक्षात येण्याइतकी वाढते. म्हणून अनुभवी कारागीर दांडा थोडा जाड करतो, तबकडीचा पांढरा रंग किंचित मळका ठेवतो, काटा तर एकाच ओरखड्यात सुचवतो. मापाने चुकीचे असलेले हे दांडे डोळ्याला बरोबर वाटतात. मापाने बरोबर असलेले दांडे मुळी दिसतच नाहीत, किंवा बोट लागताच वाकतात.

अर्थात प्रत्येक लघुरेल्वेला केबिनचा हा ध्यास हवाच असे नाही. पुण्यातच कोथरूडला १९९८ पासून भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. तिथे प्रेक्षक एका चालत्याबोलत्या शहरापुढे उभा असतो. गाड्या वेळेवर सुटतात, सिग्नल बदलतात, एक गाडी दुसरीला वाट देते. तिथला अचूकपणा गतीचा आणि परस्परसंबंधांचा आहे. एखाद्या इंजिनाच्या खिडकीतून आत डोकावण्याचा तिथे प्रसंगच येत नाही. केबिन घडवणारा ड्रायव्हरच्या आसनावरून पाहतो, संग्रहालय पादचारी पुलावरून. आपण कुठून पाहणार हे ठरले की काय अचूक हवे तेही ठरते.

२.

येथवर प्रतिकृतीचे काम दिसण्याचे होते. तिला काही करून दाखवायचे असेल तेव्हा प्रमाणाचा पेच फार गंभीर होतो. याची जाणीव विज्ञानाला जुनी आहे. प्राण्याचा आकार वाढला तर हाडे त्याच प्रमाणात वाढवून चालणार नाही, ती अधिक जाड व्हावी लागतील, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले होते. पण या तत्त्वाचा सर्वांत नाट्यमय प्रत्यय आला तो वाफेच्या यंत्राच्याच एका प्रतिकृतीतून.

१७६३ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठाकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती होती. ती चालत नसल्याने जेम्स वॉट या उपकरण-कारागिराकडे दुरुस्तीला आली. वॉटने ती दुरुस्त केली, तरी काही ठोक्यांनंतर तिची वाफ संपे. मोठी यंत्रे खाणींतले पाणी दिवसरात्र उपसत असताना ही छोटी का थांबावी? वॉटच्या ध्यानात आले की लहान सिलिंडरमध्ये आतल्या वाफेच्या मानाने धातूचा पृष्ठभाग फार जास्त असतो. दर ठोक्याला थंड झालेला धातू पुन्हा तापवण्यातच वाफ खर्ची पडते. मोठ्या यंत्रातही हाच अपव्यय होत होता, पण तो तिथे जाणवण्याइतका ढळढळीत नव्हता. १७६५ मध्ये वॉटला स्वतंत्र संघनकाची कल्पना सुचली आणि वाफेच्या यंत्राचा पुढचा इतिहास बदलला. प्रतिकृतीने मुळाशी प्रतारणा केली, आणि त्या प्रतारणेचा माग काढल्यामुळेच मुळातला दोष उघड झाला.

पाण्याच्या बाबतीत हा हिशोब मांडण्याचे श्रेय प्रामुख्याने विल्यम फ्रूडकडे जाते. जहाजांच्या लहान प्रतिकृती टाकीत ओढून त्याने १८७० च्या दशकात जे नियम बसवले ते आजही त्याच्या नावाने ओळखले जातात. शंभरास एक प्रमाणाच्या प्रतिकृतीत पाण्याचा वेग शंभराने नव्हे, दहाने भागावा लागतो, वेळही दहाने, आणि विसर्ग तब्बल एक लाखाने. सेकंदाला दहा हजार घनमीटरचा महापूर अशा प्रतिकृतीत सेकंदाला शंभर लिटर होतो. १८८५ मध्ये मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मर्सी नदीच्या खाडीची प्रतिकृती केली तेव्हा त्याने एक धाडस केले. आडवे प्रमाण सुमारे ३२ हजारांस एक, उभे मात्र ९६० स एक. म्हणजे त्याची खाडी खरीच्या मानाने तेहतीसपट खोल होती. दिसायला विचित्र असलेल्या त्या खाडीत भरती-ओहोटीने वाळूचे जे पट्टे घडवले ते खऱ्या खाडीतल्या पट्ट्यांशी मिळतेजुळते निघाले.

३.

हीच विद्या खडकवासल्यात रुजली. मुठा नदीवरचे खडकवासल्याचे दगडी धरण १८७० च्या दशकातले. त्याच्या जलाशयाला अभियंता फाइफ यांच्या नावाने ‘लेक फाइफ’ म्हणत. विश्वेश्वरय्या यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये याच धरणावर बसले. म्हणजे पाण्यावरच्या प्रयोगांची सवय या जागेला आधीपासून होती. १९१६ मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग उघडला. दख्खनच्या कालव्यांमुळे जमिनी पाणथळ आणि क्षारपड होत चालल्या होत्या. त्यावर उपाय शोधणे हे त्याचे आरंभीचे काम. क्लॉड इंग्लिस या आयरिश अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तो विभाग वाढला आणि खडकवासल्याला स्थिरावला. १९३० च्या दशकात केंद्र सरकारने तो हाती घेतला. नावे अनेकदा बदलली. आज त्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा म्हणतात. इंग्लिस यांनी निवृत्तीनंतर इंग्लंडमध्ये १९४७ पासून तिथल्या राष्ट्रीय जलसंशोधन संस्थेचे पहिले संचालकपद सांभाळले. विद्या साम्राज्याच्या केंद्राकडून परिघाकडे वाहते, हे आपले गृहीतक येथे उलटे ठरते.

या केंद्राच्या आरंभीच्या महत्त्वाच्या कामांतले एक रेल्वेशीच निगडित आहे. आज बांगलादेशात असलेला, गंगेवरचा हार्डिंज पूल १९१५ मध्ये सुरू झाला. १९३३ मध्ये नदीने पुलाच्या उजव्या मार्गदर्शक बांधाला मोठे खिंडार पाडले. ब्रॉडगेजचा एवढा मोठा पूल जागच्या जागी उभा राहायचा आणि नदी दुसरीकडून निघून जायची, असा धोका निर्माण झाला. ती गंगा खडकवासल्यात आणली गेली. सिंधू नदीवरच्या सक्कर बंधाऱ्याचेही तसेच. १९३२ मध्ये तो सुरू झाल्यावर उजव्या काठाच्या कालव्यांत वाळू शिरू लागली; ती कशी टाळावी याचे उत्तर खडकवासल्याच्या प्रतिकृतीत शोधले गेले.

गंगा खडकवासल्यात आणायची म्हणजे काय करायचे? समजा नदी दीड किलोमीटर रुंद आणि दहा मीटर खोल आहे. पाचशेस एक प्रमाण घेतले तर प्रतिकृती तीन मीटर रुंद होईल. खोली मात्र दोन सेंटिमीटर. इतके उथळ पाणी नदीसारखे वागत नाही. त्यात भोवरे उठत नाहीत, पृष्ठताण आणि चिकटपणा यांचा अंमल वाढतो, ते परातीतल्या पाण्यासारखे सरकते. म्हणून उभे प्रमाण वेगळे घ्यायचे, समजा साठास एक. आता खोली सतरा सेंटिमीटरच्या आसपास आली आणि पाणी पुन्हा नदी झाले. पण त्याची किंमत काठांनी मोजली. खऱ्या नदीत आठास एक इतक्या सौम्य उताराचा काठ प्रतिकृतीत पंचेचाळीस अंशांनी उभा राहतो. सुटी वाळू अशा उतारावर ठरत नाही, ढासळते. मग काठाला कृत्रिम आधार द्यायचा. उतार वाढल्याने पाणी फार सहज वाहू लागते, म्हणून तळावर खडे किंवा पट्ट्या बसवून घर्षण वाढवायचे. नदीत जिथे काहीच नाही तिथे प्रतिकृतीत अडथळे येतात, आणि त्यांच्यामुळेच पाणी नदीतल्यासारखे वाहते.

सर्वांत मोठी अडचण वाळूच्या कणाची. ०.२ मिलिमीटरचा कण शंभरपट लहान केला तर तो वाळू राहत नाही, चिकणमाती होतो. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. वाळूसारखे सुटे वाहत नाहीत. मापाने अचूक कण वागणुकीने खोटा ठरतो. म्हणून कण लहान न करता हलका करतात : कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा किंवा असेच काही. कोळशाच्या भुकटीतून वाहणारी काळीभोर गंगा पाहणाऱ्याला गंगा वाटणार नाही. पण ती गंगेसारखी खोदते, गंगेसारखी भरते.

वेळेचेही तेच. आडवे चारशेस एक आणि उभे शंभरास एक अशी खाडी केली तर तिच्यातला काळ चाळीसपट वेगाने धावतो. साडेबारा तासांच्या भरतीचे चक्र एकोणीस मिनिटांच्या आत पुरे होते, वर्ष नऊ दिवसांत सरते. परंतु गाळ साचण्याचा वेग या घड्याळाप्रमाणे चालत नाही, त्याचा हिशोब निराळा बसतो. एकाच प्रतिकृतीत दोन घड्याळे, आणि कोणत्या प्रश्नाला कोणते घड्याळ पाहायचे हे प्रयोग करणाऱ्याने ध्यानात ठेवायचे.

हे सारे आकडे शेवटी गवंड्याच्या हाती जातात. नदीच्या ठरावीक अंतरावरच्या आडव्या छेदांचे साचे कापायचे, ओळंबा आणि पातळी पाहून ते एकामागोमाग एक उभे करायचे, मधली जागा भरून थापीने तळ घोटायचा. ज्या नदीचा काठ कधी पाहिला नसेल तिची वळणे मिलिमीटरच्या शिस्तीत घडवणारे हे हात अहवालांत नावानिशी येत नाहीत. केबिनमधल्या ड्रायव्हरप्रमाणेच तेही इतिहासात बहुधा निनावी राहतात.

४.

इतके सगळे मुद्दाम बिघडवल्यावर अशा प्रतिकृतीवर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा? याचे जे उत्तर या शास्त्राने दिले ते साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाने मनाशी धरावे असे आहे. प्रतिकृतीला भविष्य विचारण्याआधी तिच्याकडून भूतकाळ वठवून घ्यायचा. अमुक वर्षीच्या पुरात खऱ्या नदीची पातळी कुठे किती होती, कोणता काठ खचला, गाळ कुठे साचला, याच्या नोंदी असतात. तोच पूर प्रतिकृतीत सोडायचा. पातळ्या जुळेपर्यंत खडे हलवायचे, उतार बदलायचे. भूतकाळ जुळला तरच ‘येथे बांध घातला तर काय होईल?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळतो. इंग्लिस यांच्या १९४९ च्या ग्रंथाच्या शीर्षकात, नद्या आणि कालवे यांचे वर्तन व नियंत्रण या मुख्य विषयानंतर, ‘प्रतिकृतींच्या साहाय्याने’ असे शब्द कंसात येतात. त्या कंसातला ‘साहाय्याने’ हा शब्द पुरेसा नम्र आहे. प्रतिकृती निकाल देत नाही, निकालाला मदत करते.

या नम्रतेची गरज किती आहे हे दोन उदाहरणांवरून कळेल. कोलकाता बंदरासाठी हुगळी नदीच्या प्रतिकृती खडकवासल्यात दीर्घकाळ अभ्यासल्या गेल्या. गंगेचे पाणी हुगळीत वळवून तिचा गाळ धुऊन काढावा या हेतूने उभारलेला फरक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला. बंगालमधील अभियंता कपिल भट्टाचार्य यांनी बंधारा होण्याआधीच या योजनेवर जाहीर आक्षेप घेतले होते. बंधाऱ्यानंतरही हुगळीतला गाळ यंत्रांनी उपसणे थांबले नाही. येथे दोष कोणाचा हे ठरवण्याचे कारण नाही. मुद्दा हद्दीचा आहे. प्रत्येक प्रतिकृतीला एक भिंत असते. भिंतीच्या आतली नदी कितीही खरी वागली तरी बाहेरचा प्रदेश, तिथली शेती, तिथले पुढच्या पन्नास वर्षांतले राजकारण आत येत नाही.

दुसरे उदाहरण खडकवासल्याच्या अगदी जवळचे. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने काही तासांत खडकवासल्याचे धरणही फोडले, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नद्यांच्या वर्तनाचा देशातला सर्वांत मोठा अभ्यास ज्या गावात चालत होता, त्याच गावचे धरण कोसळले. या योगायोगावर वक्रोक्ती करणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. पानशेतचे मातीचे धरण पाण्याच्या प्रवाहाचा हिशोब चुकल्यामुळे फुटले नाही. पाणी बाहेर काढणाऱ्या मोरीचे आणि तिच्या दरवाजांचे काम अपुरे असताना, मुदतीआधी पाणी अडवण्याची घाई झाली होती. मोरीवरचा बांध खचत गेला आणि अखेर पाणी त्याच्या माथ्यावरून गेले. प्रतिकृती तपासते ते संकल्पचित्रातले धरण. जे फुटले ते अर्धवट राहिलेले धरण होते. घाईला प्रमाण नसते. ती शंभराने भागून टाकीत सोडता येत नाही.

५.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. श्रीशंकुकाने रसप्रक्रिया समजावताना चित्रतुरगाचा दृष्टांत दिला, हे काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असते. चित्रातला घोडा पाहून होणारी प्रतीती खऱ्या घोड्याच्या ज्ञानासारखी सम्यक् नसते, मिथ्याही नसते. तो संशय नसतो आणि ‘हे घोड्यासारखे आहे’ असे निव्वळ सादृश्याचे ज्ञानही नसते. या चारांहून ती निराळी. भट्टतौताने यावर विचारले की अनुकरण म्हणता, पण नेमके कशाचे? रामाचा शोक कोणी पाहिला आहे, की नटाने त्याचे अनुकरण करावे?

खडकवासल्याची काळी गंगा या वादात तिसरा साक्षीदार म्हणून उभी करता येईल. ती गंगेसारखी दिसत नाही, म्हणून सादृश्याचा प्रश्न निकालात निघतो. तिची मापे दोन दिशांना दोन वेगळी आहेत, तिचे कण चुकीच्या द्रव्याचे आहेत, तिचा काळ धावतो आहे. तरीही तिला मिथ्या म्हणता येत नाही, कारण एका विशिष्ट प्रश्नाला ती गंगेच्या वतीने उत्तर देते आणि ते उत्तर ताडून पाहता येते. भट्टतौताच्या ‘कशाचे?’ या प्रश्नाचे तिच्याकडे उत्तर आहे. ती अनुकरण करते ते रूपाचे नाही, वागण्याचे. केबिन घडवणारा कारागीर तिरप्या कोपऱ्यांत दोन ठाणी बसवतो तेव्हा तोही रूपाकडून वागण्याकडे गेलेला असतो. पाव मिलिमीटरचा दांडा त्याने थोडा जाड केला आहे, पण ड्रायव्हरचा हात कोणत्या दांड्याकडे का जाईल हे त्याने चुकवलेले नाही.

वास्तववादी लेखनाबद्दलची आपली चर्चा अनेकदा तपशिलांच्या भाराभोवती फिरते. बोली बरोबर आहे का, अवजारांची नावे बरोबर आहेत का, गावाचा रस्ता खरा आहे का. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. पण प्रत्येक तपशील अस्सल असूनही केबिन बनावट होऊ शकते, आणि कण खोटा असूनही नदी खरी वागू शकते. म्हणून कोणत्याही कलाकृतीपुढे आधी विचारावे की ही कोणत्या प्रश्नाची प्रतिकृती आहे, हिची भिंत कुठे आहे, आणि हिने काय बिघडवले आहे ते सांगितले आहे का. अभियंता आपल्या अहवालाच्या पहिल्या पानांवरच आडवे आणि उभे प्रमाण लिहितो. महाभारताचे संपादक तळाशी पाठभेद देतात. कादंबरीकाराला तळटीप देता येत नाही. त्याला आपले प्रमाण निवेदकाच्या आवाजातून आणि काळाच्या हाताळणीतून वाचकाच्या कानावर घालावे लागते. ते ऐकायला शिकवणे हा साहित्याच्या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

या विचाराला आज थोडी निकडही आहे. वाराणसीचा तो कारखाना २०२० पासून वेगळ्या नावाने ओळखला जातो आणि आता विजेची इंजिने घडवतो. मार्गांचे विद्युतीकरण झाले, डब्ल्यूडीएम-२ इंजिने भंगारात गेली, मोजकी संग्रहालयांत उभी आहेत. संग्रहालयातले इंजिन बाहेरून रंगवलेले असते. केबिनमधले दांडे आणि तबकड्या पुष्कळदा आधीच निघालेल्या असतात. ज्या दोन माणसांनी सिग्नलचे रंग एकमेकांना मोठ्याने सांगत रात्री काढल्या, त्यांच्या कामाच्या जागेची नोंद काही वर्षांनी कदाचित एखाद्या हौशी कारागिराच्या तेहतीस मिलिमीटर रुंद केबिनमध्येच उरेल. नद्यांच्या बाबतीतही संगणकावरच्या गणिती प्रतिकृतींनी बरेच काम हाती घेतले आहे. त्यांत गवंडी नाही, कोळशाची भुकटी नाही, आणि बिघडवलेले काय आहे ते उघड्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्यांच्याबाबतीत प्रमाण लिहून ठेवण्याची जुनी शिस्त अधिकच काटेकोरपणे पाळावी लागेल. केबिन करणाऱ्यानेही प्रतिकृतीच्या तळाशी, जिथे सहसा कोणी पाहत नाही तिथे, एवढे तरी लिहावे : इंजिन कोणत्या वर्षीचे, तपशील कुठून घेतले, आणि रूळ तीन मिलिमीटरने अरुंद का आहेत.